समुद्राची विचारपूस

जानेवारी १९८२ मधली एक संध्याकाळ मला अजून आठवते. तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या ईट गावात पत्र्याच्या शेडमध्ये चहाचं एक हॉटेल होतं आणि त्या हॉटेलात रेडिओ होता. अब्बा दिवसभर बांगड्यांची पेटी घेऊन आसपासच्या वाड्या-वस्त्या फिरायचे. संध्याकाळी परत आले की तिथे बसून चहा घ्यायचे आणि बातम्या ऐकायचे. मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर. त्या दिवशी बातम्यांत सांगितलं, की भारताची एकवीस माणसं जहाजानं अंटार्क्टिकावर, म्हणजे पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाच्या बर्फाच्या खंडावर, जाऊन पोचली आहेत. हॉटेलात सगळे घटकाभर गप्प झाले. मग कोपऱ्यात बिडी ओढत बसलेले तात्या म्हणाले, "बर्फ बघाया इतक्या लांब गेलेत व्हय? हितं प्यायला पाणी न्हाई."

सगळे हसले. अब्बा हसले, मीही हसलो. पण तात्यांनी तो विनोद म्हणून केला नव्हता, हे घरी जाताना अब्बांनी मला सांगितलं.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आमचं ईट आहे. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. पाऊस पश्चिमेला सह्याद्रीवर रिकामा होतो आणि उरलासुरला आमच्याकडे येतो. ज्वारी आणि दूधदुभतं हा इथला आधार. भूमचा खवा दूरवर जातो, तो या जनावरांच्या जिवावर. समुद्राचं म्हणाल, तर तो आम्हाला आठवडी बाजारात भेटायचा. मिठाच्या पोत्यात आणि सुकटी-बोंबलांच्या पाटीत. त्यापलीकडे समुद्राशी आपला काही संबंध आहे, असं गावात कुणालाच वाटत नव्हतं.

तात्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९७२ च्या दुष्काळाआधी त्यांच्या दावणीला बैल होते, गाई होत्या. दुष्काळात चारा संपला, विहीर आटली आणि जनावरं मिळेल त्या भावानं गेली. तात्या आणि त्यांचं कुटुंब दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. पुढे पाऊस पडला, विहिरीला पाणी आलं, पण रान पूर्वीसारखं पिकेना. तात्या म्हणायचे, "रान नुसतं पाण्यानं पिकत न्हाई बाबा, शेणानं पिकतं. जनावरं गेली तवाच रान गेलं." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

मी काही शास्त्रज्ञ नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण तात्यांच्या त्या प्रश्नाला खरं उत्तर काय, हे शोधत मी गेली कित्येक वर्षं ध्रुवाकडच्या समुद्रमोहिमांबद्दल जे मिळेल ते वाचत आलो. त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला, तो आज सांगायचा आहे.

ती पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. वीसच वर्षांपूर्वी, १९६१ च्या डिसेंबरातच, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला होता. मोहीम निघाली तेव्हा तिचा गाजावाजा केला गेला नाही. ती सुखरूप पोचल्यावरच देशाला खरी बातमी कळली. जहाज आपलं नव्हतं. 'पोलर सर्कल' नावाचं ते जहाज नॉर्वेकडून भाड्यानं घेतलेलं होतं, कारण बर्फ फोडत जाईल असं जहाज तेव्हा आपल्याकडे नव्हतंच. ९ जानेवारी १९८२ रोजी आपली माणसं अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परत आली.

मोहिमेचे नेते होते डॉ. सैयद जहूर कासिम. मूळचे अलाहाबादचे. माशांचा आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा त्यांचा अभ्यास. १९७४ पासून पुढची काही वर्षं ते गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. ही संस्था १९६६ साली सुरू झाली. त्याआधी काही वर्षं अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली होती. त्या पाहणीनंतर आपल्या देशाला स्वतःची समुद्रविज्ञान संस्था हवी, या विचारातून ती उभी राहिली.

आता खरं सांगायला हवं. ही मोहीम केवळ ज्ञानासाठी गेली नव्हती. अंटार्क्टिका करार १९५९ चा. तिथलं सगळं मोजके देश बसून ठरवत होते, आणि आपल्यालाही त्या बैठकीत जागा हवी होती. बर्फाखाली खनिजं असतील, समुद्रात अन्न असेल, असा हिशोब जगात सगळेच करत होते. भारतानं १९८३ च्या ऑगस्टमध्ये त्या करारावर सही केली आणि सप्टेंबरात आपल्याला निर्णयात भाग घेणारा देश म्हणून मान्यता मिळाली. तात्यांना कुणी तेव्हा सांगितलं असतं, की 'तिथे आपला हिस्सा राखायला गेलेत,' तर त्यांना ते लगेच कळलं असतं. बांधाचं भांडण आमच्याकडे प्रत्येकाला कळतं.

पण त्या जहाजावर समुद्राचं पाणी बाटल्यांत भरणारी, बारीक जाळ्यांनी सूक्ष्म जीव गोळा करणारी माणसंही होती. मला त्यांच्याबद्दल जास्त सांगायचं आहे.

१९८३ च्या डिसेंबरात तिसरी मोहीम गेली. तिचे नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. या मोहिमेनं 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं ठाणं बांधलं. भारतीय मोहिमेतून दोन स्त्रिया प्रथमच तिथे पोचल्या, त्याही याच वेळी. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या अदिती पंत. पंतांचा जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, पुढचं शिक्षण हवाई आणि लंडनला. १९७३ पासून त्या गोव्याच्या संस्थेत होत्या. मुत्सद्दी म्हणून गाजलेल्या अप्पा पंतांच्या त्या कन्या, म्हणजे औंधच्या राजघराण्यातल्या. औंध संस्थानात आटपाडीचा भाग होता. माणदेशातला तो भाग आमच्याइतकाच कोरडा. त्या घराण्यातली मुलगी समुद्राकडे गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अदिती पंतांचा विषय होता प्लवक. म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे वनस्पतीसारखे जीव. शेतात जसं गवत, तसे समुद्रात हे प्लवक. सूर्याचा प्रकाश घ्यायचा, पाण्यातली क्षारद्रव्यं घ्यायची आणि वाढायचं. त्यांच्यावर क्रिल नावाचा जीव जगतो. दिसायला आपल्या बाजारातल्या जवळ्याचा थोरला भाऊ, फार तर बोटाएवढा. आणि त्या क्रिलवर पेंग्विन, सील, मासे आणि पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, निळा देवमासा, हे सगळे जगतात. एक निळा देवमासा हंगामात दिवसाला कित्येक टन क्रिल खातो. एवढं अवाढव्य धूड बोटभर जीवावर उभं आहे आणि तो बोटभर जीव डोळ्यांना न दिसणाऱ्या गवतावर.

या समुद्राकडे माणूस तीन वेगवेगळे प्रश्न घेऊन गेला, असं मला इतिहास वाचताना दिसलं. पहिला प्रश्न होता, 'इथून काय नेता येईल?'

आधी सील नेले, मग देवमासे. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. तेलासाठी, साबणासाठी, लोण्याच्या जागी खायच्या कृत्रिम चरबीसाठी. अंटार्क्टिकाच्या समुद्रात निळे देवमासे एकेकाळी अडीच लाखांच्या जवळपास असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते काही शेकड्यांवर आले. १९८२ साली, म्हणजे आपली माणसं ज्या वर्षी बर्फावर उतरली त्याच वर्षी, व्यापारी शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय झाला. तो अमलात आला १९८६ पासून.

देवमासे संपले, तेव्हा माणसाचं लक्ष क्रिलकडे गेलं. देवमासे उरले नाहीत, म्हणजे त्यांच्या वाटचे क्रिल शिल्लक असणार, मग ते आपण घेऊ. त्यानं जगाची भूक भागेल, असंही बोललं जात होतं. १९८१-८२ च्या हंगामात जगातल्या जहाजांनी पाच लाख टनांहून जास्त क्रिल पकडले. त्यातला मोठा वाटा सोव्हिएत जहाजांचा. आपणही मागे नव्हतो. १९९५-९६ मध्ये 'सागर संपदा' हे आपलं जहाज खास क्रिलच्या मोहिमेवर गेलं. पण क्रिल पकडल्यावर फार लवकर खराब होतो आणि त्याच्या कवचात फ्लोराइड जास्त असतं. गरिबाच्या ताटापर्यंत तो कधी पोचलाच नाही. पुढे तो गेला तो मुख्यतः मत्स्यशेतीच्या खाद्यात आणि औषधी तेलाच्या कॅप्सूलमध्ये.

यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. देवमासे गेल्यावर क्रिल वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. उलट काही भागांत कमी झाले. खाणारा गेला आणि खाद्यही घटलं. हे कसं?

उत्तर तात्यांच्या वाक्यात आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात इतर क्षार मुबलक आहेत, पण लोह फार कमी. कारण लोह येतं जमिनीवरून, वाऱ्यावर उडणाऱ्या धुळीतून. तिथे जवळपास उघडी जमीनच नाही. (आमच्याकडे धुळीला तोटा नाही, पण ती तिथवर पोचत नाही.) लोह नाही, तर प्लवकांचं गवत उगवत नाही. देवमासे क्रिल खायचे आणि पाण्याच्या वरच्या थरात येऊन विष्ठा टाकायचे. त्या विष्ठेत लोहाचं प्रमाण तिथल्या समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे एक कोटी पट असतं, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे देवमासा नुसता खाणारा नव्हता. तो त्या रानाला खत घालणाराही होता. जनावरं गेली, खत गेलं आणि रान उतरलं. तात्यांनी आपल्या बांधावर उभं राहून जे सांगितलं होतं, तेच शास्त्रज्ञांना दक्षिण समुद्रावर सापडलं. फरक एवढाच, की तात्यांची जनावरं दुष्काळानं नेली आणि ती जनावरं माणसानं.

दुसरा प्रश्न याच्यातूनच निघाला, 'या समुद्राचं आपण काही करू शकतो का?' लोह कमी आहे ना, मग आपण टाकू. प्लवक वाढतील, वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतील, मरून तळाशी जातील आणि तापलेल्या पृथ्वीचा भार थोडा हलका होईल. कल्पना मोहात पाडणारी होती. या मालिकेतला एक मोठा प्रयोग २००९ साली झाला. त्यात गोव्याची संस्था आणि जर्मनीची ध्रुवीय संशोधन संस्था बरोबरीच्या भागीदार होत्या. नाव होतं 'लोहाफेक्स'. त्यातलं 'लोहा' आपलंच. भारताच्या बाजूनं नेतृत्व डॉ. वजीह नक्वी यांचं, जर्मनीच्या बाजूनं डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक यांचं. हे स्मेटाचेक जन्मानं भारतातलेच. देवमाशांच्या खताची कल्पना मांडणाऱ्यांतही ते होते.

'पोलारस्टर्न' हे जर्मन जहाज जानेवारी २००९ मध्ये केपटाऊनहून निघालं आणि जर्मनीत गदारोळ उठला. समुद्रात काहीतरी टाकायचा तुम्हाला काय अधिकार, असा पर्यावरणवाद्यांचा सवाल होता. सरकारनं प्रयोग थांबवायला सांगितलं, जहाज वाटेत, आणि मग तपासणी करून काही दिवसांनी परवानगी दिली. सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या पाण्यात लोहाचं द्रावण सोडलं गेलं. पहिले दोन आठवडे प्लवक वाढले. नंतर मात्र बारीक प्राण्यांनी ते खाऊन टाकले आणि त्या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्लं. तळाशी कार्बन फारसा गेलाच नाही. ज्यांचं कवच जड असतं आणि जे खाली बुडतात, ते प्लवक तिथे वाढूच शकले नाहीत, कारण त्यांना कवचासाठी सिलिका लागते आणि त्या पाण्यात सिलिकाच संपलेली होती.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नुसता युरिया टाकून पीक येत नाही. जमिनीत दुसरं काही कमी असेल, तर खताचा पैसा वाया जातो आणि वर तणच माजतं. पण मी या प्रयोगाला फसलेला प्रयोग म्हणणार नाही. शास्त्रज्ञांनी मोजलं आणि जे निघालं ते जगापुढे ठेवलं. समुद्र हा आपल्या मनाप्रमाणे वळणारा वाफा नाही, हे त्यातून कळलं. एवढं कळणंही थोडं नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात साधा. मला तो सगळ्यात उशिरा सुचलेला वाटतो. 'तुझी तब्येत कशी आहे?'

आमच्या घरात आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य मानलं जायचं. अब्बा त्याला 'इयादत' म्हणायचे, गाव 'विचारपूस' म्हणायचं. पुण्य एकच. अब्बांचा एक दंडक होता. विचारपूस करायला जाताना काही मागायला जायचं नाही आणि तिथे जाऊन वैद्यकी सांगायची नाही. बसायचं, बघायचं, विचारायचं आणि परत यायचं. परवाच्या एका मोहिमेबद्दल वाचताना मला अब्बांचा हा दंडक आठवला.

ती मोहीम शिडाच्या होडीची होती. २ ऑक्टोबर २०२४ रोजी 'तारिणी' ही भारतीय नौदलाची होडी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. होडीवर माणसं दोनच, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. छपन्न फुटांची होडी, वाऱ्यावर चालणारी. तीही भाड्याची नव्हती. मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ती बांधलेली आहे. त्याच गोदीतल्या 'म्हादेई' या होडीतून आपले दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असं करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'तूनही २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी पृथ्वीला वळसा घालून आल्या होत्या. १९८१ ची भाड्याची 'पोलर सर्कल' ते दिवाडीची 'तारिणी', हा प्रवास अभिमान वाटावा असाच आहे.

शिडाच्या होडीला पृथ्वी फिरायची, तर दक्षिणेकडे खूप खाली जावं लागतं. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन नाही. खलाशी त्या अक्षांशांना 'गरजणारी चाळिशी', 'खवळलेली पन्नाशी', 'किंचाळणारी साठी' म्हणतात. (मी स्वतः सध्या दुसऱ्या टप्प्यावर आहे, घरचे दुजोरा देतील.) दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी केप हॉर्नला ही होडी ५६ अंश दक्षिणेला होती. म्हणजे अंटार्क्टिकाच्या अगदी उंबरठ्याशी. जानेवारी २०२५ च्या अखेरीला या दोघी 'पॉइंट निमो'वरून गेल्या. पृथ्वीवर कोरड्या जमिनीपासून सर्वांत दूर असलेली ही जागा. जवळात जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर. तिथे त्यांनी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं, गोव्याच्या संस्थेसाठी. प्रवासात गोळा केलेल्या नमुन्यांतून दोन गोष्टी तपासायच्या होत्या. पाण्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण किती आणि लोह किती. देवमाशांसारखे मोठे जीव दिसले, तर वन्यजीव संस्थेसाठी त्यांची नोंद ठेवायची होती. २९ मे २०२५ रोजी त्या गोव्यात परतल्या.

पुन्हा लोह आणि पुन्हा देवमासे. पण या वेळी लोह टाकायला नाही आणि देवमासे न्यायलाही नाही. किती आहे, कसं आहे, एवढंच बघायला.

आणि तब्येत कशी आहे? चांगली नाही. २०१७-१८ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीतल्या होड्यांनी असेच नमुने गोळा केले होते. पॉइंट निमोजवळच्या पाण्यातही प्रत्येक घनमीटरमागे ९ ते २६ प्लास्टिकचे कण सापडले. जिथे माणूस राहत नाही, जिथून जहाजं सहसा जात नाहीत, तिथे आपली पिशवी पोचली आहे. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रावरचा बर्फ २०२३ मध्ये, उपग्रहांनी नोंदी सुरू झाल्यापासून, सर्वांत कमी झाला. त्या बर्फाच्या पोटाशी उगवणाऱ्या शेवाळावर क्रिलची पिल्लं हिवाळा काढतात. २०२२ मध्ये एका भागात वेळेआधीच बर्फ फुटल्यानं सम्राट पेंग्विनांच्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं वाचली नाहीत. पंख वॉटरप्रूफ होण्याआधीच पायाखालचा बर्फ गेला. आणि 'काय नेता येईल' हा पहिला प्रश्नही संपलेला नाही. २०२५ च्या हंगामात क्रिलची ठरलेली ६ लाख २० हजार टनांची मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली.

आता तात्यांकडे येतो. 'हितं प्यायला पाणी न्हाई' हा त्यांचा मुद्दा होता. त्याचं मला सापडलेलं उत्तर असं आहे.

तात्या, आपल्या रानावर पडतो तो पाऊस आपल्या गावचा नाही. तो सह्याद्रीचाही नाही. उन्हाळ्यात आपली जमीन तापते, तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे, मॉरिशसच्या दक्षिणेला, हिंदी महासागरावर हवेचा दाब वाढलेला असतो. शास्त्रज्ञ त्याला मस्कारीनचा उच्च दाब म्हणतात. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून वळतात आणि समुद्राची वाफ घेऊन आपल्याकडे येतात. तोच आपला मृग आणि तोच आपला हस्त. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी घराणी दीडशेहून अधिक वर्षं राहत आहेत. पण त्यांच्याही आधीपासून तिथला वारा आपल्याकडे येतो आहे. गोव्याहून अंटार्क्टिकाकडे जाणारं जहाज त्याच समुद्रातून खाली जातं. म्हणजे ती माणसं बर्फ बघायला गेली, तेव्हा आपल्या पावसाच्या माहेराहूनच गेली.

आणि माणसाच्या धुरानं पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते आहे, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्र गिळतो. दक्षिणेकडचे समुद्र त्यातला फार मोठा वाटा उचलतात. तो समुद्र थकला, तर आपल्या पावसाची घडी विस्कटेल. ती विस्कटू लागल्याच्या खुणा आपण बघतोच आहोत. महिनाभर काही नाही आणि मग एका रात्रीत बांध फुटेल एवढा पाऊस.

हे उत्तर मी तात्यांना सांगू शकलो नाही. ते कधीच गेले. आणि खरं सांगायचं, तर हे उत्तर त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं, असंही मला वाटत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. तेव्हा भारताची अंटार्क्टिकावर 'मैत्री' आणि 'भारती' अशी दोन ठाणी चालू होती. तात्या असते, तर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला असता आणि या वेळी कुणी हसलं नसतं. पाऊस कुठून येतो हे समजणं वेगळं आणि पडलेल्या पावसाचं पाणी सर्वांना सारखं मिळणं वेगळं. पहिलं काम शास्त्रज्ञांचं आहे आणि ते त्यांनी जीव धोक्यात घालून केलं. दुसरं काम आपलं, आपल्या पुढाऱ्यांचं, आपल्या पीक घेण्याच्या पद्धतीचं आहे. ते अपुरं राहिलं, याचा दोष बर्फाकडे गेलेल्यांवर टाकता येत नाही. पण ते अपुरं आहे, हे विसरूनही चालत नाही.

डॉ. कासिम २०१५ साली दिल्लीत वारले. 'दक्षिण गंगोत्री' केव्हाच बर्फाखाली गाडलं गेलं. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो गोव्यात, एका कविसंमेलनाच्या निमित्तानं, वयाच्या चाळिशीनंतर. दोना पावलाच्या धक्क्यावर उभा राहून मी समुद्राकडे बघत होतो. समोर नुसतं पाणी. इथून खुल्या समुद्रात जाऊन दक्षिणेला निघालं, तर थेट बर्फापर्यंत मोठी जमीन लागत नाही, हे नकाशात वाचलेलं होतं. तिथे उभं राहिल्यावर ते पायांना जाणवलं. हा समुद्र आमच्यापासून फार लांब आहे, असं मी ज्याला म्हणत होतो, त्याच्या काठाशी मी नुसत्या चपला काढून उभा होतो.

आमच्या बालाघाटावर पडलेलं पाणी एका अंगानं मांजरेतून गोदावरीला मिळतं आणि दुसऱ्या अंगानं सीनेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला. दोन्हीकडून ते अखेर समुद्रातच जातं. मागच्या पावसाळ्यात ईटच्या ओढ्याला पाणी आलं, तेव्हा मी पुलावर उभा होतो. ओढ्यातून गुटख्याच्या पुड्या वाहत होत्या, पिशव्या वाहत होत्या, बाटल्या वाहत होत्या. पॉइंट निमोच्या पाण्यात सापडलेला कण यांतलाच असेल, असं मी म्हणणार नाही. पण तो कुठल्या तरी गावच्या ओढ्यातून गेला असणार, एवढं नक्की.

विचारपूस करायला सगळ्यांनाच होडीतून जावं लागत नाही. पुलावरून खाली उतरून चार पिशव्या काठीनं ओढून काढल्या, तरी समुद्राला निरोप पोचतो. मी त्या दिवशी तेवढंच केलं. एक पोरगं सायकल थांबवून विचारू लागलं, "चाचा, काय करताय?"

मी म्हणालो, "समुद्र बघतोय."

ते हसलं. मीही हसलो. मग त्यानं सायकल स्टँडला लावली आणि बाभळीची एक फांदी मोडून खाली उतरलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)